खेळ-अक्षमतेचा दाखला

नोंदणी कार्यालयाच्या परिपत्रक क्रमांक एकशे अठरानुसार कार्यालयात येणारा प्रत्येक संगणक गेम खेळण्यास अपात्र असला पाहिजे. तो काम करण्यास पात्र असावा की नाही, याबद्दल परिपत्रकात काही म्हटलेलं नाही. ते गृहीत धरलं असावं किंवा राहून गेलं असावं. हे परिपत्रक निघालं तीन वर्षांपूर्वी. आवक-जावक विभागातला एक कारकून भर दुपारी संगणकावर पत्ते खेळताना सापडला, त्यानंतर. सापडला त्या क्षणी तो हरत होता, ही गोष्ट चौकशी अहवालात त्याच्या बाजूने नोंदवलेली आहे. तरीही त्याला निलंबित करावं लागलं आणि सगळं कार्यालय त्याला 'पत्तेवाले' म्हणू लागलं.

तेव्हापासून नवा संगणक आला की तो आधी तांत्रिक शाखेत जातो. तिथे त्याच्यावर गेम चालत नाही अशी खात्री झाली की त्याला खेळ-अक्षमतेचा दाखला मिळतो, आणि मगच तो कुणाच्या टेबलावर ठेवता येतो. गेल्या तीन वर्षांत असा दाखला एकाही संगणकाला मिळालेला नव्हता, कारण या तीन वर्षांत एकही संगणक विकत घेतलेला नव्हता. परिपत्रक यशस्वी झालं असंच सगळे मानत होते.

खिडकी क्रमांक तीनवर बसणाऱ्या बाईंना मात्र ते मानणं दिवसेंदिवस जड जाऊ लागलं होतं. या खिडकीवर हयातीची नोंद होते. निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा इथे यायचं, छोट्या यंत्रावर डावा अंगठा टेकवायचा, आणि बाईंनी संगणकाच्या पानावर 'हयात' या शब्दापुढे खूण करायची. वर्षाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत ज्याच्या नावापुढे खूण झाली नाही, तो मृत असं यंत्रणा आपणहून लिहून टाकते. मृत म्हटल्यावर निवृत्तिवेतन थांबतं, सरकारी खोली असेल तर ती काढून घेतात. काम म्हणाल तर अगदी सोपं होतं, आणि बाई ते बावीस वर्षं नीट करत आल्या होत्या.

पण तीन नंबरचा संगणक आता थकला होता. सकाळी तो सुरू व्हायला अडतीस मिनिटं घेई. त्यानंतर हयातीचं पान उघडायला आठ मिनिटं. आणि सुरक्षेच्या कारणास्तव ते पान सातव्या मिनिटाला आपोआप बंद होई. या एका मिनिटापायी सगळं अडलं होतं. गेल्या चार महिन्यांत तीन नंबरच्या खिडकीवर एकही माणूस जिवंत सापडला नव्हता.

आठ आणि सात हे आकडे शोधून काढले ते घड्याळजींनी. चौतीस वर्षं त्यांनी गावातली सार्वजनिक घड्याळं चालू ठेवली होती. आता वय चौऱ्याहत्तर, एकटा जीव, सरकारी खोली, हाताने डावखुरे आणि खिशात कायम एक स्टॉपवॉच. रोज सकाळी दहाला ते येत, बाकावर बसत, बाईंनी पान उघडायला घेतलं की बटण दाबत, आणि आठ मिनिटांनी घड्याळ खिडकीतून आत धरून दाखवत. बाईंना त्यांची फार काळजी वाटे. गेल्या वर्षी एका निवृत्त परिचारिकेच्या नावापुढे चुकून 'मृत' लागलं होतं, आणि ती चुकलेली नोंद दुरुस्त होईपर्यंत तिने चौदा महिने भावाच्या घरी काढले होते. घड्याळजींना भाऊ नव्हता.

ज्यांची नोंद अडली होती अशांची नावं बाईंनी एका वहीत लिहून ठेवली होती. वर्ष संपायला नऊ आठवडे उरले तेव्हा वहीत त्रेचाळीस नावं झाली. पहिलं नाव घड्याळजींचं होतं.

त्या दिवशी बाईंनी अर्ज केला. खिडकी तीनसाठी एक लॅपटॉप मिळावा, सर्वांत स्वस्त असला तरी चालेल, हयातीचं पान त्यावर सात मिनिटांच्या आत उघडावं एवढीच अपेक्षा आहे. लॅपटॉप आठवड्यात आला. इतक्या लवकर काही आल्यामुळे विभागप्रमुख साहेबांना आधीच शंका आली होती, त्यात खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'अभ्यास, ऑफिस, मनोरंजन आणि गेमिंगसाठी!' साहेबांनी चष्मा वर केला, शेवटचा शब्द पुन्हा वाचला आणि खोकं न उघडता तांत्रिक शाखेत पाठवून दिलं.

बाईंनी घरी आल्यावर ही हकीकत धाकट्या मुलीला सांगितली. धाकटी कॉलेजात शिकत होती आणि गेमच्या बाबतीत तिचा शब्द मैत्रिणींत शेवटचा मानला जाई. तिने आईच्या फोनमधला खोक्याचा फोटो मोठा करून पाहिला.

"आई, यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, रॅमही कमी. गेम म्हणजे सेकंदाला साठएक चित्रं भराभर दाखवायची असतात. तीसच्या खाली गेलं की अडकायला लागतं. यावर हलकेफुलके गेम चालतील, जड गेम रडतील. ऑफिसच्या कामाला मात्र पळेल."

"एवढंच?"

"एवढंच. यात बघण्यासारखं काय आहे अजून?"

बाईंनी दुसऱ्या दिवशी हे साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, फक्त फाइलबाहेर त्यांना नीट ऐकू येत नसे.

"बाई, हे तुमच्या मुलीचं मत झालं. आपल्याला अभिप्राय हवा."

"दोन्हीत फरक काय साहेब?"

"अभिप्रायाला जावक क्रमांक असतो," साहेब म्हणाले.

समिती नेमली गेली. अध्यक्ष साहेब, सदस्य तांत्रिक शाखेतला अभियंता. अभियंता तरुण होता, त्याला धाकटीने सांगितलं तेच ठाऊक होतं, आणि तो ते अर्ध्या पानात लिहून मोकळा होणार होता. पण परिपत्रकात गेमिंगची व्याख्या दिलेली होती. ज्या यंत्रावर खेळताना खेळणाऱ्यास आनंद होतो, ते यंत्र गेमिंगक्षम समजावे. म्हणजे आधी कुणीतरी खेळून पाहणं आलं, आणि मग आनंद झाला की नाही ते सहीनिशी लिहिणं आलं.

सुरुवात साप-शिडीने झाली. साहेब तीन दिवस साप-शिडी खेळले. चौथ्या दिवशी अभियंत्याने टिपणी पुढे केली आणि घोडं पेंड खाऊ लागलं. 'आनंद झाला' असं लिहावं, तर कार्यालयीन वेळेत आनंद झाल्याची ती लेखी कबुली ठरते. पत्तेवाल्यांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं. 'आनंद झाला नाही' असं लिहावं, तर दाखला द्यावा लागतो, आणि पुढे कधी या यंत्रावर कुणाला चुकून आनंद झालाच तर सही करणाऱ्याची मान अडकते. साहेबांनी तीस वर्षं नोकरी केली होती. त्यांनी लिहिलं, 'अद्याप आनंद झालेला नाही. चाचणी चालू ठेवावी.' त्या 'अद्याप'वर पुढचे सात आठवडे उभे राहिले.

साप-शिडी हा गेम नसून विरंगुळा आहे, अशी हरकत साहेबांनी स्वतःच घेतली, आणि गाड्यांच्या शर्यतीचा गेम आणायचं ठरलं. परिपत्रकाने कार्यालयात गेम आणण्यास बंदी असल्यामुळे परिपत्रकाच्या अंमलबजावणीसाठी परिपत्रकातून सूट मिळवावी लागली. गेम सुरू झाला आणि धाकटीच्या बोलण्याप्रमाणे लॅपटॉप रडायला लागला. सेकंदाला बावीस चित्रं. साहेबांची गाडी वळणावर थबके, मग एकदम पुढे प्रकट होई, आणि प्रकट होई ती बहुतेक वेळा झाडात.

अभियंत्याने पेन काढलं. "साहेब, अडकतंय. लिहू का?"

"यंत्र अडकतंय की मी?" साहेबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. साहेबांना खरी गाडीही चालवता येत नव्हती.

तेव्हा अनुभवी खेळाडूचा शोध सुरू झाला. ज्याला गेम खेळण्याचा अनुभव आहे असं कार्यालयात कुणी कबूल करेना. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. रेकॉर्डवर असा अनुभव असलेला एकच माणूस होता. पत्तेवाल्यांना सन्मानाने परत बोलावण्यात आलं, आणि त्यांच्या निलंबनाचा तीन वर्षांचा काळ प्रशिक्षण म्हणून धरण्यात आला. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की बसायला चाकांची खुर्ची लागेल. कार्यालयात चाकं असलेली एकच खुर्ची होती, ती तीन नंबरच्या खिडकीवर. बाई लाकडी स्टुलावर आल्या.

पत्तेवाल्यांच्या हाताखालीही गाडी अडकली. आता तरी दाखला मिळेल असं बाईंना वाटलं. पण तोवर साहेबांना या प्रकरणात गोडी लागली होती, म्हणजे अद्याप लागली नव्हती. त्यांनी मुद्दा काढला की एखाद्याला अपात्र ठरवण्याआधी त्याला पूर्ण संधी दिली पाहिजे. माणसाला देतो, तर यंत्राला का नको. तेव्हा लॅपटॉपची रॅम दुप्पट केली गेली. मग तो तापतो म्हणून खाली पंखे असलेला स्टँड आला. मग पडदा लहान पडतो म्हणून मोठा पडदा. मग ग्राफिक्ससाठी बाहेरून जोडायचा वेगळा डबा. इंटरनेट कमी पडतं अशी तक्रार आली, तेव्हा सगळ्या इमारतीत वेगवान जोडणी कुठे आहे ते पाहण्यात आलं, आणि ती तीन नंबरची निघाली. ती वायर काढून चाचणी कक्षात नेली. त्या दिवसापासून बाईंचं पान आठ मिनिटांनीसुद्धा उघडेनासं झालं, त्यामुळे ते सातव्या मिनिटाला बंद होण्याचा त्रास मात्र संपला.

बाईंनी एकदा साहेबांना गाठलं. वर्ष संपायला तीन आठवडे राहिले होते. बाई हळू बोलणाऱ्या होत्या, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला.

"साहेब, वहीत त्रेचाळीस माणसं आहेत. सगळी खरीखुरी, रोज समोर येऊन बसतात. एकतीस तारखेला पाच वाजले की ती मेली. मला काही वेगवान नको. मला फक्त सातच्या आत उघडणारं पान द्या."

साहेब हेलावले. त्यांनी समोरच्या कागदावर 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असं लिहिलं आणि तो कागद चाचणीच्या फाइलला लावायला सांगितलं.

आता वेग मोजायचा प्रश्न आला. आनंदाबद्दल लिहिता येत नसल्यामुळे निदान गाडीला एका फेरीला किती वेळ लागतो ते लिहावं, असं अभियंत्याने सुचवलं. गेममध्ये वेळ दिसत होती, पण गेमने स्वतःबद्दल दिलेली माहिती पुरावा म्हणून कशी धरणार? बाहेरचा, निष्पक्ष कालमापक हवा होता. अभियंता खोलीबाहेर आला, आणि बाकावर स्टॉपवॉच घेऊन एक गृहस्थ बसलेले त्याला दिसले.

घड्याळजींना खरं तर यात पडायचं नव्हतं. पण चौदा वर्षांत त्यांना वेळ विचारायला कुणी आलं नव्हतं. आत त्यांना खुर्ची मिळाली, दुपारचा चहा मिळाला, आणि 'मानद कालमापक' असं नेमणूकपत्र मिळालं. फेरी सुरू झाली की त्यांचा डावा अंगठा बटणावर जाई आणि मान किंचित पुढे येई, पूर्वी मनोऱ्यावरच्या मोठ्या घड्याळाखाली उभं राहताना येत असे तशी. दोन-तीन दिवसांतच पत्तेवाले त्यांना विचारल्याशिवाय शर्यत सुरू करेनासे झाले.

नेमणूकपत्र बाईंनी वाचलं आणि त्यांना आशा वाटली. त्यात चक्क लिहिलं होतं, 'सदर व्यक्ती हयात व कार्यक्षम असल्याची खात्री करून नेमणूक देण्यात येत आहे.' खाली साहेबांची सही, शिक्का, जावक क्रमांक. बाई तो कागद घेऊन साहेबांकडे गेल्या.

"साहेब, तुम्हीच लिहिलंय ते हयात आहेत म्हणून. याच्यावर नोंद करून टाकू?"

साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. "ती नेमणुकीपुरती हयात आहे बाई. निवृत्तिवेतनाची हयात वेगळी."

चाचणी कक्षाला एक काचेची भिंत होती, आणि ती नेमकी बाकांच्या समोर येत होती. बाकावरची माणसं आधी बसल्या बसल्या माना वळवून पाहत. मग उठून काचेशी जाऊ लागली. त्यांना रोज तसंही काही काम नव्हतं, आणि ताटकळणाऱ्या माणसांचा जीव रमतोय हे बघून बाईंना आधी बरंच वाटलं. मग एका निवृत्त ड्रायव्हरने काचेवर फेऱ्यांचा तक्ता चिकटवला. एक आजोबा नातवंडांना घेऊन येऊ लागले. लॅपटॉप गेमिंगला पुरेसा वेगवान आहे की नाही यावर बाकांत दोन तट पडले, आणि दोन विहिणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. बाईंनी खिडकीतून हाक मारली तर आता ओ यायला उशीर लागे.

शेवटच्या आठवड्यात साहेबांनी निर्णय घेतला. काय तो सोक्षमोक्ष एकतीस तारखेला, जाहीर चाचणीत. मोठ्या हॉलच्या भिंतीवर शर्यत दिसेल, वीस फेऱ्या होतील, कालमापन घड्याळजी करतील. तुलनेसाठी तसाच दुसरा लॅपटॉप मागवला गेला. त्याला रॅम वाढवलेली नाही, पंखे नाहीत, डबा नाही, जसा खोक्यातून आला तसा. त्याचं नाव 'नियंत्रण नमुना'. त्याला लाखेचं सील लावून चाचणी कक्षातल्या टेबलावर ठेवलं, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही अशी पाटी शेजारी लावली.

एकतीस तारखेला दुपारी तीनची शर्यत साहेबांच्या प्रास्ताविकामुळे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली. हॉल भरून गेला होता. बाकं रिकामी होती. बाई आपल्या लाकडी स्टुलावर वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या, समोर तीन नंबरचा संगणक अजून सुरूच होत होता, आणि पलीकडून टाळ्यांचा आवाज येत होता. बावीस वर्षांत त्यांनी परवानगीशिवाय स्टेपलर हलवला नव्हता. साडेचारला त्या उठल्या, अंगठ्याचं यंत्र पदराखाली घेतलं, चाचणी कक्षात गेल्या आणि नियंत्रण नमुन्याचं सील नखाने तोडलं.

त्यांची स्वतःची वायर तिथेच होती. त्यांनी ती लॅपटॉपला जोडली आणि हयातीचं पान उघडायला सांगितलं. मग सवयीप्रमाणे आठ मिनिटं थांबायच्या तयारीने त्यांनी वही उघडली. वर पाहतात तर पान समोर उभं. भिंतीवरच्या घड्याळात बघून त्यांनी पुन्हा उघडून पाहिलं. अकरा सेकंद. बाईंना रडू आलं. कुणी बघत नव्हतं, त्यामुळे त्यांनी ते आवरलंही नाही.

डोळे पुसून त्या हॉलच्या दारात आल्या आणि वहीतली नावं मोठ्याने वाचू लागल्या. एकाने मागे न बघता त्यांना हळू बोला म्हणून सांगितलं. बाई गर्दीतून वाट काढत घड्याळजींपाशी पोहोचल्या.

"घड्याळजी, चला. पान उघडलंय."

"बाई, पंधरावी फेरी चालू आहे."

"पाचला तुमच्या नावापुढे मृत लागेल."

"किती वाजले?"

"पाचला वीस मिनिटं आहेत."

"मग आहे की वेळ," घड्याळजी म्हणाले. त्यांची नजर भिंतीवर होती.

बाईंनी त्यांचा हात धरून ओढायचं मनात आणलं, पण हातात स्टॉपवॉच होतं, आणि यंत्रावर टेकवायचा तोच डावा अंगठा स्टॉपवॉचच्या बटणावर होता. अंगठ्याचं यंत्र इथे आणावं तर वायर दारापर्यंतसुद्धा पोचत नव्हती. सोळावी फेरी विनाअपघात पार पडली. सतराव्या फेरीला पत्तेवाल्यांची गाडी शेवटच्या वळणावर भिंतीवर आपटली आणि उलटी झाली. सगळ्या हॉलने श्वास रोखला. ही फेरी धरायची की नाही यावर साहेब आणि अभियंता यांच्यात पाच मिनिटं चर्चा झाली, बाई तिथेच उभ्या होत्या, आणि फेरी धरायची असं ठरलं.

विसावी फेरी संपली तेव्हा पाचला दोन मिनिटं होती. घड्याळजींनी बटण दाबलं, आकडा चाचणीच्या तक्त्यात लिहिला, त्यावर साहेबांची सही घेतली, आणि मग बाईंबरोबर चाचणी कक्षात आले. बाईंनी त्यांचा अंगठा धरून यंत्रावर दाबला. पान क्षणभर विचारात पडलं आणि चौकटीत खूण उमटली. हयात. बाईंना वाटलं, आता तरी हा माणूस दोन शब्द बोलेल.

"उघडायला किती वेळ लागला?" घड्याळजींनी विचारलं.

"अकरा सेकंद."

"मोजला कुणी?"

"मी. भिंतीवरच्या घड्याळावर."

"ते चार सेकंद मागे आहे," घड्याळजी म्हणाले आणि निकाल ऐकायला हॉलमध्ये परत गेले.

बाईंनी दारातून पुढचं नाव पुकारलं. मग त्याच्या पुढचं. साहेब निकालाचा कागद उघडत होते, तेव्हा कुणी वळून पाहण्याचा प्रश्नच नव्हता. पाच वाजले आणि पान आपोआप बंद झालं.

निकाल असा लागला. सुधारित लॅपटॉपने सेकंदाला सरासरी एकाहत्तर चित्रं दाखवली. स्वतःला झालेला आनंद लिहिता येत नसला, तरी दुसऱ्याला झालेला लिहायला हरकत नव्हती. साहेबांनी लिहिलं, 'उपस्थित नागरिकांना आनंद झाल्याचे दिसून आले.' म्हणजे यंत्र गेमिंगला पुरेसं वेगवान होतं, आणि म्हणून कार्यालयाला अपात्र होतं. ते वाया जाऊ नये यासाठी पुढच्या सर्व चाचण्यांकरिता पत्तेवाल्यांच्या ताब्यात देण्यात आलं. नियंत्रण नमुना मात्र तसाच मंद होता. त्यावर गेम चालणार नाही हे उघड होतं, आणि त्याला दाखला देऊन तो तीन नंबरच्या खिडकीला देता आला असता. पण त्याचं सील तुटलेलं सापडलं.

बाईंना दोन तारखेला कारणे दाखवा नोटीस मिळाली. गेमच्या चाचणीसाठी राखून ठेवलेल्या यंत्रावर आपण विनापरवाना कार्यालयीन काम केले, इतकेच नव्हे तर ते पूर्णही केले, याबद्दल आपला खुलासा सात दिवसांत सादर करावा. नमुना दूषित झाल्यामुळे सगळी चाचणी रद्द समजण्यात आली असून ती पहिल्यापासून घेण्यात येईल, असंही खाली लिहिलं होतं. दूषित नमुना नष्ट करायला पाठवला.

त्या दिवशी बाकांवरची माणसं आली. आपण मृत आहोत हे त्यांना सूचना फलकावरून कळलं. थोडी गडबड झाली. मृत व्यक्तींच्या तक्रारी खिडकी चारवर घेतल्या जातात, आणि तक्रारीसोबत हयातीचा दाखला जोडावा लागतो, हे बाईंनीच त्यांना समजावून सांगितलं, आणि सांगताना त्यांना फार लाज वाटली. एक-दोघांनी साहेबांच्या नावाने बोटं मोडली. मग निवृत्त ड्रायव्हरने बाईंच्या टेबलावर पडलेल्या नोटिशीची शेवटची ओळ मोठ्याने वाचली, आणि नवी चाचणी कोणत्या तारखेला आहे, हॉलमध्ये या वेळी खुर्च्या वाढवणार का, असं सगळे एकदम विचारू लागले.

घरी धाकटीने विचारलं, मग शेवटी तो लॅपटॉप कसा निघाला. बाई बूट काढत होत्या. त्या म्हणाल्या, चांगला होता.

तुम्ही म्हणाल, भलतीच माणसं. आपल्या जिवाचं सोडून भिंतीवरची गाडी बघत बसली. खरं आहे तुमचं. फक्त एक सांगा. पत्तेवाल्यांची गाडी कितव्या फेरीला आपटली, ते तुम्हाला मागे न बघता सांगता येईल. बाईंच्या वहीत माणसं किती होती? तो आकडा वर दोनदा आला आहे. आठवत नसेल तर मागे जाऊन बघा, पान उघडंच आहे. पण सात मिनिटांच्या आत बघा.